सोळाशे आणि साडेसोळाशेच्या मधली जमीन

भारतीय सर्वेक्षण विभागाच्या लेखी इंदापूरचा पत्ता आहे ४७ एन/४. हा क्रमांक वाटतो तितका अवघड नाही. भारत आणि आजूबाजूचा मुलूख आधी चार अंश रुंद आणि चार अंश उंच अशा चौकोनांत कापला. त्यातला ४७ क्रमांकाचा चौकोन ७२ ते ७६ अंश पूर्व आणि १६ ते २० अंश उत्तर या हद्दीत येतो. मुंबई, पुणे, सोलापूर, कोल्हापूर सगळे त्याच्या पोटात. त्याचे पुन्हा एकेक अंशाचे सोळा तुकडे केले आणि त्यांना वरून खाली ए ते पी अशी अक्षरे दिली. प्रत्येक अक्षराचे पुन्हा सोळा. शेवटी हातात येते ते पाव अंश बाय पाव अंशाचे शीट, म्हणजे आपल्या अक्षांशावर साधारण सातशे चौरस किलोमीटर जमीन. पूर्वी ते एक इंचाला एक मैल या प्रमाणात छापत, आता १:५०,००० प्रमाणात. शाळेच्या पुस्तकात त्याला स्थलनिर्देशक नकाशा म्हणतात. बाकी सगळे टोपोशीट म्हणतात.

इंदापूर गाव ७५ अंश रेखांशाच्या जेमतेम पूर्वेला आहे. त्यामुळे गावाच्या पश्चिमेला थोडे सरकले की शीट संपते आणि ४७ जे सुरू होते. उत्तर आणि पूर्व बाजूने भीमा, दक्षिणेने नीरा आणि आग्नेय टोकाला नीरा-नरसिंहपूरचा संगम, अशा दोन नद्यांच्या बेचक्यात बसलेला हा तालुका कुठल्याच एका शीटात मावत नाही. नकाशा कापणाऱ्यांनी तालुका पाहिलाच नव्हता. त्यांनी रेखांश पाहिले.

त्यामागची कथा १८०२ साली मद्रासजवळ विल्यम लॅम्टनने मोजलेल्या पायारेषेपासून सुरू होते. एक रेषा काटेकोर मोजायची, तिच्या दोन टोकांवरून तिसऱ्या उंच जागेचे कोन घ्यायचे, आणि त्रिकोणाला त्रिकोण जोडत पुढे जायचे. लॅम्टन असा दक्षिणेकडून वर सरकत आला आणि १८२३ च्या जानेवारीत आपल्याकडच्या हिंगणघाटला वारला. त्याची कबर तिथेच आहे. पुढचे काम जॉर्ज एव्हरेस्टने नेले. पण त्रिकोणांचे जाळे म्हणजे नकाशा नव्हे. ते फक्त खुंट्या ठोकण्याचे काम. त्या खुंट्यांच्या मधली जमीन भरायची राहिलेलीच होती आणि ती भरली प्लेन टेबलवाल्या सर्वेक्षकांनी. आज आपण ज्याला टोपोशीट म्हणतो, त्याचे रंग, खुणा आणि क्रमांक १९०५ च्या सुमारास ठरले.

प्लेन टेबल म्हणजे तिपाईवर बसवलेला सपाट फळा. त्यावर ताणून लावलेल्या कागदावर आधी मोजलेले त्रिकोणबिंदू टोचून ठेवलेले असत. सर्वेक्षक एखाद्या टेकाडावर फळा मांडी, दर्शकपट्टीतून तीन ओळखीची शिखरे न्याहाळी आणि कागदावरच्या त्या त्या बिंदूपासून स्वतःकडे उलटी रेघ ओढी. तिन्ही रेघा जिथे मिळत तिथे तो स्वतः उभा. मग तिथून दिसणारे देऊळ, विहीर, ओढ्याचे वळण, गाडीवाट एकेक करून कागदावर उतरे. उतार मोजायला क्लिनोमीटर असे आणि सामान वाहायला, झाडी तोडायला खलाशी. समोच्चरेषाही तो तिथेच, समोरच्या जमिनीकडे बघत ओढी. काही थोड्या जागांची उंची मोजलेली, बाकीची रेघ नजरेच्या अंदाजाने जोडलेली. एक इंची शीटावर या रेषा बहुधा ५० फुटांच्या अंतराने असत. म्हणजे १६०० फुटांची एक, १६५० फुटांची दुसरी, आणि त्या दोहोंमध्ये जमीन काय करते याबद्दल नकाशा गप्प. इंदापूरच्या बाबतीत हा गप्पपणा फार महाग पडणार होता.

त्याआधी दुसऱ्या एका नकाशाची ओळख करून घ्यायला हवी, कारण शेतकऱ्याच्या घरात ज्याचे नाव निघते तो हा दुसराच. गावनकाशा. आणि त्याचा उगमही इंदापुरातच आहे.

पेशवाई गेल्यावर दख्खनचा सारा ठरवण्याचे काम १८२७ च्या सुमारास प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याकडे आले. तो अर्थशास्त्र पढलेला. शेताचे उत्पन्न, त्यातून खर्च वजा, उरलेल्या निव्वळ उत्पन्नाचे ५५ टक्के सरकारचे, असे त्याचे गणित. कागदावर ते नीटनेटके होते. प्रत्यक्षात मोजणी चुकली होती, धान्याचे भाव पडले होते, आणि सारा न परवडून इंदापूर भागातल्या लोकांनी जमिनी सोडल्या. कित्येकांनी निजामाच्या मुलखाची वाट धरली. शेते ओस पडल्यावर सरकारला जाग आली आणि १८३५-३६ मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट या दोघांनी इंदापुरात पुन्हा पहिल्यापासून मोजणी सुरू केली. सिद्धान्त बाजूला ठेवून त्यांनी माती पाहिली. तिचा पोत आणि रंग, ती किती हात खोल आहे, तिच्यात चुनखडी आहे का, वाळू आहे का, उतार किती, पाणी साचते का. सर्वांत चांगली जमीन सोळा आणे, तिथून उतरत उतरत दोन आण्यांपर्यंत नऊ प्रती. एक दोष निघाला की जमीन एक प्रत खाली. दर तीस वर्षांसाठी कायम. ही पद्धत पुढे मुंबई इलाखाभर गेली. आज सातबाऱ्यावर 'आकार' म्हणून जे काही रुपये-पैसे दिसतात, त्यांचे मूळ या मातीच्या परीक्षेत आहे.

मोजायला त्यांनी ३३ फुटांची साखळी घेतली आणि तिचे सोळा आणे केले. एक साखळी लांब, एक साखळी रुंद म्हणजे एक गुंठा. ३३ गुणिले ३३ म्हणजे १०८९ चौरस फूट. असे चाळीस घेतले की ४३,५६० चौरस फूट, बरोबर एक एकर. गावाकडे प्लॉट विकणारे दलाल आज १०८९ चा आकडा पाठ म्हणून दाखवतात, तो या साखळीचा. पाणंदीच्या वादात ऐकू येणाऱ्या रुंदीही तिच्यातूनच आल्या आहेत. पायवाट सव्वाआठ फूट म्हणजे पाव साखळी, गाडीवाट कमीत कमी साडेसोळा फूट म्हणजे अर्धी.

सर्व्हे नंबर पाडताना हिशेब होता एका बैलजोडीला कसता येईल एवढ्या जमिनीचा. माती हलकी असेल तर नंबर मोठा, भारी असेल तर लहान. टिपणात प्रत्येक शेताच्या बाजू, कोपरे, बांधावरची खूण यांची नोंद. ही टिपणे जोडून गावनकाशा तयार झाला, टोपोशीटाच्या कित्येक पट मोठ्या प्रमाणात. त्यामुळे टोपोशीटावर जे गाव दोन बोटांखाली झाकले जाते, ते गावनकाशावर टेबलभर पसरते.

आता हे दोन कागद शेजारी ठेवले की गंमत दिसते. टोपोशीटाला उतार कळतो, ओढा कळतो, डोंगर कळतो. बांध मात्र कळत नाही. तिथे लागवडीखालची सगळी जमीन एकाच पिवळ्या रंगात. ती कोणाची, कशी वाटली, तिच्यात ज्वारी आहे की ऊस, कशाचाही पत्ता नाही. गावनकाशाला बांध कळतो, नंबर कळतो, शीव कळते, पण जमीन वर चढते की खाली उतरते हे त्याला अजिबात ठाऊक नाही. त्याच्या दृष्टीने सगळे गाव परातीसारखे सपाट. शिवाय गावठाण त्यावर नुसता मोकळा ठिपका. पांढरीवर शेतसारा नव्हता, मग घरे मोजायची कशाला? टोपोशीटावर उलट तेच गावठाण लाल ठोकळ्यांनी ठसठशीत, कारण सैन्याला मुक्काम कुठे करता येईल, पाणी कुठे मिळेल, तोफेची गाडी कुठल्या वाटेने जाईल हे कळायला हवे होते. म्हणूनच टोपोशीटाच्या खुणांत गाडीवाट, जनावराची वाट आणि पायवाट वेगळ्या आहेत, बांधीव विहीर आणि कच्ची विहीर वेगळी आहे, डाकबंगला, पडाव, पोलीस ठाणे आहे आणि ओस पडलेल्या गावालाही स्वतंत्र खूण आहे. एकाला सारा हवा होता, दुसऱ्याला वाट. शेतकऱ्याला काय हवे, हा प्रश्न दोघांनाही कोणी विचारला नव्हता. तरीही शेतीचा इतिहास वाचायला याहून चांगला कागद माझ्या माहितीत नाही, अट एवढीच की एकावर थांबायचे नाही.

पाण्यापासून सुरुवात करावी. टोपोशीटावर बारमाही पाणी निळे आणि हंगामी ओढा काळा. कोकणातले शीट निळ्या शिरांनी भरलेले असते. इंदापूर-बारामती पट्ट्याच्या शीटावर काळ्या रेघांचे जाळे दिसते आणि त्यात निळा धागा फक्त नदीच्या पात्रात. भीमेचे पात्रही अनेक ठिकाणी ठिपक्यांनी भरलेले, म्हणजे वाळू, आणि त्यातून वाहणारी एक बारीक निळी धार. पर्जन्यछायेतला मुलूख याहून थोडक्यात सांगता येणार नाही. ओढ्याच्या काठाशी किंवा तळ्याच्या भरावाशी एखादा आकडा आणि त्यापुढे 'आर' हे इंग्रजी अक्षर दिसते. ती सापेक्ष उंची: काठ तळापासून किती उंच आहे, भराव आजूबाजूच्या जमिनीपेक्षा किती वर आहे. जुन्या शीटावर फुटांत, नव्यावर मीटरमध्ये. एकाच ओढ्याचे दोन काळांतले आकडे हाती लागले तर घळ किती खोल गेली हे घरबसल्या कळते.

आणि मग या काळ्या रेघांना आडवी छेदत जाणारी एक निळी रेघ येते. नीरा डावा कालवा. भाटघरच्या धरणाचे पाणी वीरच्या बंधाऱ्यावरून घेऊन तो १८८५ च्या सुमारास सुरू झाला आणि बारामतीवरून इंदापूर तालुक्यात शिरला. कालवा वाचायला समोच्चरेषांची सोबत लागते. पाण्याला जेमतेम वाहण्यापुरताच उतार द्यायचा असल्यामुळे कालवा जवळजवळ समोच्चरेषेला धरूनच चालतो. टेकाड आले की वळसा, ओढा आला की आत शिरून पुन्हा बाहेर. ती रेघ एकदा नजरेत भरली की तालुक्याचे दोन भाग आपोआप पडतात. कालव्यापासून नीरेपर्यंत उतरत जाणारी जमीन भिजू शकते. कालव्याच्या वर असलेली, दोन हातांवर असली तरी, कोरडी. एकाच भावकीतल्या दोघांच्या नशिबात एका रेघेने फरक पाडला आणि तो फरक गावनकाशावर नाही, टोपोशीटावर दिसतो. त्याच भिजलेल्या बाजूला कळंब गावच्या माळावर १९३० नंतर वालचंद हिराचंदांचा साखर कारखाना आला आणि नकाशावर वालचंदनगर हे नवे नाव उमटले.

पण पिवळा रंग इथेच दगा देतो. कालव्याखालच्या जमिनीला पाणी मिळाले तसे मीठही वर आले. निचरा नसलेल्या भारी काळ्या जमिनीत भूजल चढले आणि शेते खारवट पडली. पुण्याच्या कृषी महाविद्यालयात असलेल्या हॅरॉल्ड मान यांनी ताम्हणे यांच्यासह १९१० मध्येच नीरा खोऱ्यातल्या या खारवट जमिनींवर स्वतंत्र पुस्तिका लिहिली. टोपोशीटावर मात्र चांगली काळी आणि मीठ फुटलेली चोपण एकाच रंगाची, निदान ती कसली जाते तोवर. याच मान यांनी पुण्याजवळच्या पिंपळे सौदागरचा अभ्यास १९१७ मध्ये प्रसिद्ध केला. सरासरी धारणा १७७१ मध्ये ४० एकर होती ती १९१५ पर्यंत ७ एकरांवर आली, हे त्यांनी गावच्या कागदांवरून दाखवले. टोपोशीटावर या दीडशे वर्षांत काही घडलेच नाही, तुकडे झाले ते पिवळ्या रंगाच्या आत. (आज त्या गावात शोधूनही पिवळे सापडायचे नाही. तिथले मोजमाप आता मजल्यांत होते.)

आता त्या गप्प राहिलेल्या पन्नास फुटांकडे येऊ.

माढा तालुक्यातल्या उजनीजवळ भीमेवर धरण बांधायचे ठरले, १९६६ मध्ये पायाभरणी झाली आणि १९८० मध्ये धरण पुरे झाले. पूर्ण भरल्यावर पाण्याची पातळी ४९६.८३ मीटर. हा आकडा विचित्र वाटतो, पण फुटांत केला की नीट होतो: १६३० फूट. जुन्या एक इंची शीटावर १६३० फुटांची रेषा नाही. १६०० ची आहे, १६५० ची आहे. पाण्याची कड या दोहोंमध्ये कुठेतरी, नकाशावर न काढलेल्या जागेतून जाते. धरणाच्या अभियंत्यांनी अर्थात बुडीत क्षेत्रासाठी स्वतंत्र, बारीक पातळ्या घेतल्याच. त्याशिवाय एकाही माणसाला नोटीस देता आली नसती. पण उजनीच्या आधीचे शीट समोर घेऊन, पेन्सिलीने अंदाजे १६३० ची रेघ ओढून पाहावी. डोंगराळ भागात दोन समोच्चरेषा चिकटून असतात, तिथे फारसा फरक पडत नाही. भीमेच्या काठी मात्र त्या एकमेकींपासून लांब लांब गेलेल्या. जमीन इतकी सपाट की दोन रेघांच्या मधे अख्खी गावे बसतात. धरण उथळ आणि पसरट का झाले, एवढी गावे त्याने का घेतली, याचे उत्तर त्या दोन रेघांमधल्या अंतरात आहे. आणि ती होती नदीकाठची मळई, तालुक्यातली सर्वांत कसदार.

पळसदेव हे त्यातलेच एक. गाव उठून वर, महामार्गाच्या बाजूला गेले. पळसनाथाचे जुने दगडी देऊळ पाण्यात राहिले. दुष्काळी उन्हाळ्यात त्याचा कळस, मग भिंती, मग ओटा उघडा पडतो आणि वर्तमानपत्रांत फोटो येतात. उजनीच्या पाण्याचा हिशेब आपल्याकडे टक्क्यांत सांगतात, आणि 'उजनी मायनसमध्ये गेली' हे वाक्य पुणे-सोलापूर पट्ट्यात लहान मुलालाही कळते. शून्य टक्के म्हणजे ४९१.०३ मीटर, फुटांत साधारण १६११. त्याखाली मृतसाठा, आणि तो थोडाथोडका नव्हे, एकूण ११७ टीएमसीपैकी ६३ टीएमसीच्या वर. शंभर टक्के १६३० ला, शून्य टक्का १६११ ला. मधे १९ फूट. दोन जिल्ह्यांचे ऊसाचे, पिण्याच्या पाण्याचे, आवर्तनाचे सगळे राजकारण आणि भांडण या १९ फुटांत चालते, आणि जुन्या टोपोशीटावर तेवढ्यासाठी एक रेघसुद्धा वाट्याला आलेली नाही.

त्याच शीटावर भीमा ओलांडणारी रेल्वे पाहावी. पुण्याहून सोलापूरकडे जाणारा हा मार्ग १८६० पर्यंत पुरा झाला होता आणि डिकसळपाशी तो नदी ओलांडत होता. जलाशय झाला तेव्हा रूळ हलवावे लागले. जुना रेल्वेपूल मात्र राहिला आणि इंदापूर-करमाळा रस्त्याचा पूल म्हणून वर्षानुवर्षे वापरात आला. नव्या शीटावर पाहिले तर पाण्यातून जाणाऱ्या या रस्त्याची सरळसोट, वळण न घेणारी चाल खटकते. गाडीरस्ता असा जात नाही. जुने शीट काढले की उलगडा होतो. जमिनीवरच्या कित्येक चमत्कारिक गोष्टींचे असेच असते: शेतातून तिरका गेलेला बांध म्हणजे मोडलेली गाडीवाट निघते, आणि माळावर एकटी उभी असलेली चिंच हलवलेल्या वस्तीची असते.

हे करून पाहायला फार काही लागत नाही. सर्वेक्षण विभागाची नवी ओपन सिरीज शीटे त्यांच्या संकेतस्थळावर मिळतात. २००५ च्या नकाशा धोरणाआधी मात्र सीमेलगतची आणि किनाऱ्यालगतची शीटे सामान्य माणसाला मिळतच नसत, त्यामुळे कोकणातल्या अभ्यासकांची फार पंचाईत होई. जुन्यांपैकी सर्वांत सहज सापडते ती अमेरिकन लष्कराने १९५० च्या दशकात भारताच्या जुन्या नकाशांवरून काढलेली १:२,५०,००० ची मालिका. ती टेक्सास विद्यापीठाच्या ग्रंथालयाने खुली ठेवली आहे. तिच्यात विहीर दिसणार नाही, पण भीमेचे धरणापूर्वीचे पात्र स्पष्ट दिसते. गावनकाशे महाभूनकाशावर आहेत, मूळ टिपणे भूमी अभिलेख कार्यालयात.

दोन ठिकाणी मात्र हमखास घोटाळा होतो. पहिला नंबरांचा. १९४७ च्या तुकडेबंदी-एकत्रीकरण कायद्याखाली पुढे गावोगाव सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. आजोबांच्या कागदावरचा नंबर आणि आजच्या नकाशावरचा तोच आकडा म्हणजे तेच शेत नव्हे. एकत्रीकरण योजनेचे पत्रक हाती असल्याशिवाय दोघांची सांगड घालू नये. दुसरा घोटाळा मोबाइलचा. जुनी टोपोशीटे एव्हरेस्टने १८३० मध्ये ठरवलेल्या पृथ्वीच्या आकारावर बेतलेली आहेत, आणि मोबाइलमधली जीपीएस वेगळ्या आकारावर. जुने अक्षांश-रेखांश जसेच्या तसे टाकले तर आपल्या भागात सगळे शंभर-दीडशे मीटर सरकते, म्हणजे विहीर शेजाऱ्याच्या शेतात जाऊन पडते. सॉफ्टवेअरमध्ये योग्य रूपांतर निवडावे, किंवा निदान न हललेल्या चार खुणा (देऊळ, पुलाचे टोक, त्रिकोणबिंदूचा दगड, जुना चौक) जुळवून शीट बसवावे.

एवढे करून एखादी मोडलेली पाणंद नकाशावर सापडली, तरी तहसीलदारापुढे नेताना टोपोशीट नेऊ नये. शीटावर गाडीवाट दाखवली म्हणजे ती त्या वर्षी सर्वेक्षकाला दिसली एवढेच सिद्ध होते, तिच्यावर कोणाचा हक्क होता हे नाही. तहसीलदारापुढे चालतो गावनकाशावरचा तुटक दुहेरी रेघांचा रस्ता आणि त्याच्या सोबतीला टिपणाची नक्कल.